अरवलीच्या शेवटच्या टेकड्या : आर. के. पुरमहून चार पत्रे

पत्र पहिले
आर. के. पुरम, नवी दिल्ली
माघ

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

पुण्याच्या वेताळ टेकडीची ज्यांना रोजची सवय आहे, त्यांना दिल्लीतही टेकड्या आहेत हे एकदम पटणे कठीण. परंतु गुजरातेत सुरू होऊन राजस्थान आणि हरियाणातून ईशान्येकडे आलेली अरवली पर्वतरांग दिल्लीतच यमुनेपाशी संपते, आणि तिच्या या शेवटच्या टोकाला येथे ‘रिज’ म्हणतात. शहर वाढत गेले तसे रिजचे तुकडे पडले. उत्तर रिज ८७ हेक्टर, मध्य रिज ८६४, मेहरौलीलगतची दक्षिण-मध्य रिज ६२६ आणि दक्षिण रिज ६,२०० हेक्टर, अशी तिची विभागणी केली जाते. यांखेरीज नानकपुऱ्याचा सुमारे ७ हेक्टरांचा एक लहान तुकडा आहे, आणि तो आर. के. पुरमच्या अगदी शेजारी येतो.

आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्णपुरम, ही रामकृष्ण परमहंसांच्या नावाने वसलेली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत होय. बदलीवर दिल्लीत आलेली मराठी कुटुंबे येथील सरकारी क्वार्टरांत राहतात, मुलांची शाळा आणि मंडईचा रस्ता यांपुरती वसाहत त्यांच्या ओळखीची होते, आणि ज्या खडकावर ती उभी आहे तो मात्र बहुधा पाहायचाच राहतो. हा खडक पाहण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सेक्टर ७ मधील मलै मंदिर. तमिळ भाविकांनी टेकडीच्या माथ्यावर उभारलेल्या स्वामीनाथाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, या मंदिराचा कुंभाभिषेक १९७३ मध्ये झाला. पायऱ्या चढताना कडेला उघडा दिसणारा राखी-तांबूस दगड क्वार्टझाइट जातीचा आहे. वाळूचा थर दगड बनून पुढे पृथ्वीच्या पोटातील दाब आणि उष्णता यांनी इतका घट्ट होतो की मूळचे वाळूचे कण परस्परांत मिसळून जातात, तेव्हा हा खडक तयार होतो. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तर दिल्लीचा हा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. एकेकाळच्या मोठ्या पर्वताची झीज होत होत उरलेला हा भाग असल्याने त्याची उंची थोडी आहे, आणि नवख्या माणसाला तो डोंगर न वाटता रस्त्यातला एखादा चढ वाटतो.

याच वसाहतीत सेक्टर ५ मध्ये लोदी काळातील घुमटांचा एक समूह आणि त्यालगत बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. घुमटांच्या भिंतींत रचलेले ओबडधोबड दगड याच रिजचे आहेत, म्हणून मंदिराच्या टेकडीवरून उतरून या घुमटांपर्यंत चालत जाणे ही रिजची पहिली ओळख मानावी.

लहानथोरांस यथायोग्य. कळावे.

पत्र दुसरे
आर. के. पुरम
माघ, उत्तरार्ध

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

वसंत विहारच्या कडेला सुमारे ६९२ एकरांवर पसरलेले अरवली जैवविविधता उद्यान आर. के. पुरमहून पायी गाठता येते, आणि दिल्लीत मनसोक्त चालायचे तर याच्याइतकी अर्थपूर्ण वाट क्वचितच सापडेल. बांधकामासाठी लागणारी बदरपूर वाळू, म्हणजे क्वार्टझाइटचा झिजून झालेला भुगा, तसेच मुरूम आणि अभ्रक यांसाठी ही जमीन अनेक वर्षे खणली गेली. खाणी बंद पडल्या तेव्हा मागे खोल खड्डे आणि वेडी बाभूळ एवढेच उरले होते. चालू शतकाच्या आरंभी दिल्ली विकास प्राधिकरणाने ही जमीन सावरण्याचे काम हाती घेतले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी येथे अरवलीचे मूळ रान परत आणण्यास सुरुवात केली.

वेडी बाभूळ, जिला दिल्लीत ‘विलायती कीकर’ म्हणतात, ही अमेरिका खंडातून आलेली काटेरी वनस्पती असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिज लवकर हिरवी दिसावी म्हणून तिचे बी पेरले गेले. तिची मुळे खोल जातात, तिच्या दाट सावलीत इतर रोपे तग धरीत नाहीत, आणि तोडल्यावर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. त्यामुळे हिरवळ दिसली तरी त्या हिरवळीत अरवलीचे काही उरत नाही. उद्यानात ती एकदम उपटली गेली नाही. तिच्या फांद्या छाटून उजेड आत घेतला गेला, त्या उजेडात धव, सालई, हिवर, पळस, खैर, बहावा अशी देशी झाडे वाढवली गेली, आणि त्यांची सावली दाट झाली तशी वेडी बाभूळ मागे हटली. खाणींचे खड्डेही बुजवले गेले नाहीत. खालचा गारवा आणि ओल हेरून त्यांतच नेच्यांची आणि ऑर्किडांची बाग करण्यात आली.

या झाडांपैकी धव विशेष लक्ष देऊन पाहावा. तो सह्याद्रीतील धावड्याचा भाऊबंद असून अरवलीच्या खडकाळ उतारांचा खरा रहिवासी आहे. गुरांनी सतत खाल्ला तर तो जमिनीसरपट पसरून वर्षानुवर्षे जिवंत राहतो, आणि चराई थांबली की पुन्हा उभा राहून झाड होतो. या एका झाडाच्या स्वभावामुळे उजाड दिसणारी टेकडी मेलेली असतेच असे नाही, हे चालणाऱ्याच्या ध्यानात येते.

घरच्या सर्वांस सा. न. कळावे.

पत्र तिसरे
आर. के. पुरम
फाल्गुन

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

तिसरी वाट दक्षिणेकडे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या खडकाळ आवारापलीकडे मेहरौलीला लागून असलेल्या संजय वनात जाते. हा दक्षिण-मध्य रिजचा भाग आहे, आणि येथे पायवाटेसोबत इतिहासही चालतो; कारण झाडीतून मध्येच वर येणारी दगडी तटबंदी लाल कोटाची, म्हणजे अकराव्या शतकात तोमर राजा अनंगपालाने बांधलेल्या आणि पुढे चौहानांच्या काळात किला राय पिथौरा म्हणून विस्तारलेल्या गडाची आहे. टेकडीचा उतार हाच तटाचा पाया धरून बांधणी केलेली दिसते. सह्याद्रीतील गडांवर ज्यांनी कडा आणि तट एकमेकांत मिसळलेले पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. दिल्लीची पहिली तटबंद वस्ती मैदानात न होता टेकडीवर झाली, आणि यमुनेच्या काठाकडे राजधानी सरकत गेली ती नंतर.

फाल्गुनात पळस फुलतो, करीर या झुडपाच्या बिनपानांच्या हिरव्या फांद्यांवर विटकरी रंगाची फुले येतात, मोरांचे ओरडणे दूरवरून ऐकू येते आणि भल्या सकाळी नीलगाय किंवा कोल्हा दिसण्याचा संभव असतो. चालण्याचा हंगाम कार्तिकापासून चैत्राच्या आरंभापर्यंतचा. दिवाळीच्या सुमारास हवेत धुराचे प्रमाण वाढते तेव्हा घरी थांबणे हिताचे असते, आणि वैशाखापासून ‘लू’ नावाचा पश्चिमेकडचा कोरडा, तापलेला वारा सुटतो तेव्हा उघड्या खडकावर जाऊच नये. आणखी दक्षिणेस असोला-भट्टी अभयारण्यात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ मध्ये स्थापन झालेली निसर्ग-अभ्यासकांची संस्था, निसर्गशिक्षणाचे केंद्र चालवते. बिबट्याचा वावर असलेल्या त्या रानात माहीतगारांसोबतच चालावे.

कळावे.

पत्र चौथे
आर. के. पुरम
चैत्र

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

मध्य रिजच्या पूर्व उताराशी तालकटोरा नावाचा परिसर आहे. मोगली फौजांना बगल देऊन वेगाने दौड मारत आलेले बाजीराव पेशवे १७३७ च्या मार्चअखेरीस दिल्लीबाहेर पोहोचले, आणि शहरातून चालून आलेल्या बादशाही सैन्याचा त्यांनी याच परिसरात पराभव केला. या स्वारीचा वृत्तान्त त्यांनी चिमाजी अप्पांना पत्राने कळवला. दिल्ली जाळण्याचा बेत का सोडला, त्यात राजकारणाचे कोणते नुकसान होते, हे त्या पत्रात आले असल्याने इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल मोठे आहे. प्रवासातून घरी लिहिलेल्या मराठी पत्राला दिल्लीच्या या टेकडीचा असा जुना संबंध आहे.

आज त्या उतारावर रस्ते, बागा आणि क्रीडागृह आहे. रिजचा मोठा शत्रू कुऱ्हाड नसून तिची कमी उंची हाच आहे. उंच डोंगर स्वतःच्या आकाराने ध्यानात राहतो. कमी उंचीच्या टेकडीला नकाशावर मोकळी जागा समजले जाते, आणि मोकळी समजली गेलेली जागा रस्त्याला, वसाहतीला किंवा राडारोडा टाकण्याला सहज दिली जाते. १९९४ मध्ये वन कायद्याखालील अधिसूचनेने रिजला संरक्षण मिळाले ते आवश्यकच होते. परंतु कायदा सीमा आखतो, टेकडीची ओळख लोकांच्या पायांनी होते. पुण्याच्या टेकड्यांवर रस्ता किंवा बांधकाम येणार असे कळताच नागरिक उभे राहतात, कारण तेथील चढ, झाड आणि दगड त्यांच्या नित्याच्या चालण्यातले असतात.

चालण्यातून जागेची ओळख टिकते, याचे दुसरे उदाहरण ग्रीसमध्ये सापडते. तेथील बेटांवर ‘कालदेरिमी’ नावाच्या फरसबंद वाटा आहेत; गावातून शेताकडे, मठाकडे, बंदराकडे खेचरे नेण्यासाठी दगड बसवून त्या बांधल्या गेल्या होत्या. मोटाररस्ते झाल्यावर त्या ओस पडल्या आणि काटेरी झुडपांनी झाकल्या गेल्या. अँड्रॉस बेटावर स्वयंसेवकांनी अशा वाटा साफ करून, खुणा लावून पुन्हा चालत्या केल्या, आणि त्या चालत्या झाल्यामुळेच त्यांच्या कडेच्या दगडी बांधांकडे व झऱ्यांकडे लोकांचे लक्ष वळले. आपल्याकडे सातवाहनकाळापासूनची नाणेघाटाची वाट आजही ओळखीची आहे ती लोक तिच्यावरून जातात म्हणूनच.

दिल्लीच्या वाटांना एवढेच हवे आहे : आखलेल्या पायवाटेवरूनच चालणारी, माकडांना खाऊ न घालणारी, प्लॅस्टिक मागे न टाकणारी आणि धव कोणता व वेडी बाभूळ कोणती हे मुलांना दाखवू शकणारी माणसे. आर. के. पुरममध्ये बदलीवर आलेले कुटुंब तीन-चार वर्षांत दुसरीकडे जाते. पण तेवढ्या काळात त्याने ही टेकडी ओळखीची करून घेतली, तर तिच्या बाजूने बोलणारे चार जण वाढतात, आणि पुढच्या बदलीच्या गावीही ते एखादी दुर्लक्षित टेकडी शोधून काढतात.

लहानथोरांस यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.