दोघांची मिळून एक धून

बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात सागार्नागा नावाची चढाची गल्ली आहे. उंची जवळजवळ ३,६०० मीटर. चार पावलं चाललं की आपल्याला धाप लागते आणि इथले लोक मात्र फुंकून वाजवायची वाद्यं विकत बसलेले!

मला हवं होतं 'सिकू'. स्पॅनिशमध्ये 'साम्पोन्या'. लहान-मोठ्या नळ्यांची ओळ. बासरीसारखी भोकं नाहीत. एक नळी, एक सूर. एका दुकानाच्या मागच्या खोलीत कारागीर काम करत होते, तिथेच फतकल मारली.

बांबू पातळ सालीचा, अँडीजच्या पूर्वेकडच्या दमट उतारांवरून आलेला. खुणा केलेली काठी लावून तो कापायचा. पेराची गाठ खाली ठेवायची, तीच नळीचा बंद तळ. मग वरची कड घासायची, फुंकायचं, ऐकायचं, पुन्हा किंचित कापायचं. लांबी निम्मी झाली की तोच सूर वरच्या सप्तकात! सूर जरासा उतरलेला वाटला तर आत बारीक खडा टाकायचा. शेवटी बांबूच्या पट्टीने आणि दोऱ्याने सगळ्या नळ्या घट्ट बांधायच्या.

मी एक मागितला, तर कारागिरांनी हातात दोन ठेवले. सहा नळ्यांचा 'इरा' आणि सात नळ्यांचा 'अर्का'. म्हटलं, एकच द्या ना! ते हसले. ''मग दुसरा कोण वाजवणार?''

गंमत अशी, की सप्तकातले सूर दोघांत एकाआड एक वाटलेले असतात. इरा एक सूर वाजवतो, पुढचा अर्का देतो. एकट्याला पूर्ण धून निघतच नाही! एक फुंकतो तेवढ्यात दुसऱ्याला श्वास मिळतो. या विरळ हवेत ते केवढं सोयीचं!

गेल्या शतकात स्टेजवरच्या बँडनी दोन्ही ओळी एकत्र धरून एकट्याने वाजवायची पद्धत रुळवली. टुरिस्टनाही तेच सोपं पडतं. धून तीच येते, पण समोरच्याची वाट बघणं संपतं. आपापल्या क्युबिकलमध्ये हेडफोन लावून बसणाऱ्या मला ते जरा लागलंच.

जाणार असाल तर : ला पाझच्या हाएन गल्लीतलं, चरांगोवादक एर्नेस्तो कावूर यांनी उभारलेलं वाद्यांचं म्युझियम चुकवू नका. फेब्रुवारीत जमलं तर टिटिकाका सरोवराच्या पेरूकडच्या काठावर, पुनोला कान्देलारिया उत्सव गाठा. २०१४मध्ये तो युनेस्कोच्या वारसा यादीत आला. तिथे सिकू वाजवणारे अख्खे ताफे रस्त्यावर उतरतात. आणि हो, सिकू घ्याल तर जोडीच घ्या. जोडीदार शोधायची जबाबदारी तुमची!