टँकर कोणाचा?

कादंबरीत जग बुडवायला अर्धं पान पुरतं. समुद्र चढवा, रोग पसरवा, अणुबॉम्ब टाका. दोन परिच्छेदांत मुंबई पाण्याखाली जाते आणि वाचक हूं की चूं करत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोण भरणार, किती भरणार आणि त्याची नोंद कोणाच्या वहीत होणार, हे लिहायला बसलं की महिने जातात. कुमारांसाठी अशा कादंबऱ्या लिहायला लागल्यापासून माझा बहुतेक वेळ त्या वहीतच गेला आहे.

माझे वाचक तेरा ते सतरा या वयातले. मसुद्यातली प्रकरणं मी अधूनमधून शाळांमध्ये वाचून दाखवते. सध्या लिहिते आहे ती गोष्ट पावसाने कायमची पाठ फिरवलेल्या एका मराठवाडी शहराची. पाऊस का थांबला, यावर मी बरंच वाचलं, टिपणं काढली, नकाशे केले. मुलांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, पण तो टँकर कोणाचा आहे?"

तिने नेमकी जागा पकडली होती. पाऊस सगळ्यांचाच जातो. टँकर मात्र कोणाचा तरी असतो, तो कुठल्या गल्लीत आधी वळणार हे कोणीतरी ठरवलेलं असतं आणि ते कोणाच्या तरी सोयीचं असतं. या वयाच्या वाचकाला त्या ठरवण्यात रस असतो. शाळेची वेळ, केसांची लांबी, मोबाइल किती वाजेपर्यंत, सायन्स की कॉमर्स: त्याचं सगळं आयुष्यच दुसऱ्यांनी केलेल्या नियमांत चाललेलं असतं आणि हे नियम बहुतेक वेळा वयाला बांधलेले असतात.

या प्रकारातली गाजलेली पुस्तकं उघडा, पहिल्या काही प्रकरणांतच वयाचा आकडा सापडतो. लोइस लॉवरी यांच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) बाराव्या वर्षी एक समिती प्रत्येक मुलाचं पुढचं काम ठरवून टाकते. जॉन ख्रिस्तोफर यांच्या 'द व्हाइट माउंटन्स'मध्ये (१९६७) चौदाव्या वर्षाच्या सुमारास डोक्यावर धातूची टोपी बसवतात, की मग प्रश्न पडायचे बंद. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या 'अग्लीज'मध्ये (२००५) सोळाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून सगळ्यांना देखणं करून सोडतात. नील शुस्टरमन यांच्या 'अनवाइंड'मध्ये (२००७) तेरा ते अठरा या वयात आईवडील मुलाला अवयवांसाठी देऊन टाकू शकतात. दहावीच्या टक्क्यांवरून पाहुण्यांसमोर ज्याची शाळा घेतली जाते त्या मुलाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

नियम लिहायचा कसा, हे मी सुझान कॉलिन्स यांच्याकडून शिकले. 'द हंगर गेम्स' (२००८) म्हटलं की लोकांना धनुष्यबाण आठवतो. मला त्यातली बेरीज आठवते. बाराव्या वर्षापासून दर वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी सोडतीत जाते; जिची चिठ्ठी निघेल त्या मुलाला जिवावरच्या खेळात उतरावं लागतं. पहिल्या वर्षी एक, पुढच्या वर्षी दोन, अशी ती साठत जाते. घरात धान्य नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची. त्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल मिळतं. नायिका कॅटनिसच्या घरी ती, आई आणि लहान बहीण प्रिम. म्हणून बाराव्या वर्षीच तिच्या चार चिठ्ठ्या होतात, दर वर्षी चारची भर पडते आणि सोळाव्या वर्षी त्या वीस होतात. तिच्या मित्राच्या, गेलच्या घरी खाणारी तोंडं पाच. अठराव्या वर्षी त्याच्या बेचाळीस. ज्याच्या घरी भूक जास्त त्याचा मृत्यू जवळ, एवढी राजनीती कॉलिन्स यांनी पाढ्यात बसवली आहे. वाचक ती स्वतःच्या बोटांवर मोजू शकतो, आणि स्वतः मोजलेल्या गोष्टीवर माणसाचा चटकन विश्वास बसतो. हिशेब असा पक्का बसल्यावर त्या तो मोडतात: चिठ्ठी निघते ती प्रिमची, जिची हजारोंमध्ये एकच आहे. सोडत न्याय्य वाटावी म्हणूनच तिला सोडत म्हणायचं, हे आता वेगळं सांगायची गरज उरत नाही.

राज्य उभं करायला मोठी राजधानी लागतेच असंही नाही. रॉबर्ट सी. ओब्रायन यांची 'झेड फॉर झकरिया' १९७४ साली, लेखक गेल्यानंतर आली. शेवटचा भाग पत्नीने आणि मुलीने त्यांच्या टिपणांवरून पुरा केला. अणुयुद्धातून वाचलेल्या एका दरीत सोळा वर्षांची अ‍ॅन एकटी राहते आहे. दरीत पाणी दोन ठिकाणी. तळं दरीतल्याच झऱ्याचं, म्हणून चांगलं. ओढा बाहेरच्या मेलेल्या मुलखातून येतो, म्हणून विषारी. किरणोत्सारापासून वाचवणारा पोशाख घातलेला एक माणूस एके दिवशी येतो आणि अंग धुवायला नेमका ओढ्यात उतरतो. अ‍ॅन लपून पाहते आहे. ओरडावं की नाही, या विचारात वेळ निघून जातो. तो आजारी पडतो, ती त्याची शुश्रूषा करते, तो बरा होतो. मग काय पेरायचं ते तो सांगू लागतो आणि अखेरीस ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतो, गावातल्या दुकानाला कुलूप लावतो. सगळ्या दरीत माणसं दोन, तरी त्यांत एक सरकार झालं आणि एक प्रजा. सैनिक, झेंडे, हुकूमशहाचे पुतळे असं काहीही न आणता ओब्रायन यांनी हे एका किल्लीवर केलं. नवीन लिहिणाऱ्यांना मी हे पुस्तक आधी वाचायला सांगते.

काही नियम कोणी लिहिलेलेच नसतात. पाओलो बॅसिगालुपी यांच्या 'शिप ब्रेकर'मधला (२०१०) नेलर हा पोरगा अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर भंगार जहाजांच्या अरुंद नळ्यांत सरपटत शिरून तांब्याच्या तारा ओढून काढतो. त्याला सगळ्यात मोठी धास्ती वाढण्याची. खांदे रुंद झाले की नळीत मावणार नाही, काम जाईल. वाढत्या वयाचं भय याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. हे पुस्तक आपल्याकडच्या मुलांना परकंही वाटायला नको. जहाजं तोडायला गुजरातेत अलंग आहे, मुंबईत दारूखाना आहे; आपली जुनी विमानवाहू 'विक्रांत' दारूखान्यातच तोडली गेली.

माझ्या शहराचा नियमही मला हवेतून काढावा लागला नाही. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाणी भरण्याच्या जागांभोवती कलम १४४ लावून जमावबंदी केली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. हंडा घेऊन उभं राहण्याला जमाव म्हणायचं, हे एकदा सरकारी कागदावर येऊन गेलेलं आहे. मी त्याला फक्त वय जोडलं. माझ्या गोष्टीत माणशी वीस लिटर पाणी मिळतं. मुलांना चौदा पूर्ण झाले की त्यांचा वाटा बंद, आणि तो परत हवा तर टाकीवर रात्रपाळी करायची. आजी, आई, मुलगी आणि धाकटा भाऊ अशा घराचे ऐंशी लिटर मुलीच्या वाढदिवशी साठ होतात. तिने रात्रपाळी धरली तर पाणी परत येतं आणि सकाळची शाळा जाते.

हे वर्गात वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मग सगळे वय कमी सांगतील." बरोबरच होतं. ज्या नियमाला पळवाट नाही तो कागदावरचा नियम. म्हणून जन्माचे खोटे दाखले करून देणारा एक म्हातारा कंपाउंडर गोष्टीत आला. त्याची फी किती, तो उधारी ठेवतो का, त्याच्याकडे जायला कोण लाजतं, हे लिहिता लिहिता शहर भरत गेलं.

आता वाक्यांचं बघा. "महादुष्काळानंतर प्रशासनाने पाणीवाटपावर कठोर निर्बंध लादले होते," हे वाक्य लिहिता येतं, त्यात चूक काहीच नाही. पण त्यात कोणी राहत नाही. त्याऐवजी मी लिहिलं: "वाढदिवसाच्या सकाळी आईने एक हंडा उपडा घालून ठेवला." नियम काय आहे ते वाचकाला चार पानांनी कळतं. तोवर तो हंड्याकडे बघत राहतो. या प्रकारात लेखकाला समजावून सांगायची फार हौस असते, कारण अख्खं जग त्याने एकट्याने रचलेलं असतं. ती हौस टिपणवहीत भागवावी. घरातल्या माणसांना जे माहीतच आहे ते ती एकमेकांना बोलून दाखवत नाहीत.

मुलांच्या हातात एवढं काळं कशाला द्यायचं, असं पालक विचारतात, काही संपादकही विचारतात. आज पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुलं २०२० साली, कोरोनाच्या टाळेबंदीत, लहान होती. नियम एका रात्रीत कसा बदलतो, सोसायटीचं फाटक कोणासाठी उघडतं, कामाला येणाऱ्या मावशींना लिफ्ट का बंद, घरात एकच मोबाइल असला की शाळा कोणाची बुडते, हे सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांना काळोखाची ओळख मी करून देते असं समजणं ही माझी फुशारकी ठरेल. त्यांना हवी असते ती त्यात हातपाय हलवणारी माणसं. कॅटनिसला शिकार येते, अ‍ॅनला नांगरता येतं, नेलरला तांबं कुठे असतं ते कळतं. माझ्या गोष्टीतल्या मुलीला हिशेब येतो. आशा म्हणून मी पुस्तकात एवढंच ठेवते: पात्राला काहीतरी नीट करता यावं आणि ते वाचकालाही शिकता येण्याजोगं असावं.

राहता राहिला शेवट. जुलमी राजा पडला, टाळ्या वाजल्या, असा शेवट वाचकाला आवडतो आणि पुस्तक मिटताच तो विसरतो. 'द हंगर गेम्स' मालिकेतल्या 'मॉकिंगजे'मध्ये (२०१०) कॉलिन्स तिथे थांबत नाहीत. राजधानी पडल्यावर बंडखोरांची नेता कॉइन सुचवते, की आता राजधानीतल्या मुलांची सोडत काढू. यंत्र तेच, फक्त मुलं दुसऱ्यांची. कॅटनिसचा शेवटचा बाण कॉइनलाच लागतो. नियम करणारा बदलला आणि नियम तसाच राहिला तर काय, हा प्रश्न सोळा वर्षांच्या वाचकाला विचारायला धाडस लागतं; त्या मालिकेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

माझ्या कादंबरीत शेवटून दुसऱ्या प्रकरणात टाकीची वही त्या मुलीच्या हातात येते. सवलत मागायला पहिला माणूस येतो तो तिचा सख्खा मामा. त्याच्या घरी तान्हं मूल आहे आणि तो खोटं बोलत नाहीये. तिने काय करावं, यावर वर्गात दोन तट पडतात. मधली सुट्टी झाली तरी भांडण मिटत नाही. पुस्तक छापून आल्यावरही ते मिटू नये, अशा बेताने मला ते प्रकरण लिहायचं आहे.