१०३ पायऱ्या आणि तेरा माणसे

चार माणसांनी सहलीला जाणे सोपे असते. तेरा माणसांनी जायचे म्हटले की सहल राहते बाजूला, लग्नाचा मुहूर्त काढायची वेळ येते. सगळ्यांना सोयीचा दिवस, सगळ्यांना झेपेल अशी जागा आणि सगळ्यांना पचेल असा खाऊ, ही तिन्ही गणिते एकदम सुटावी लागतात. गेल्या दिवाळीत, भाऊबिजेची जेवणे आटोपल्यावर, आमच्या घरी या गणितांना प्रारंभ झाला.

मंडळी होती ती अशी. शहात्तर वर्षांची आमची आई. भाऊबिजेला तिच्याकडे आलेला तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा. नाशिकची ताई, भावजी, त्यांची लेक, जावई आणि तीन वर्षांचा नातू. डोंबिवलीचा दादा, वहिनी आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. शिवाय मी, सौभाग्यवती आणि पाच वर्षांची कन्या. पुतण्याने लोणावळ्याचा बेत मांडला. तो भावजींनी रस्त्यावरच्या मोटारींची रांग वर्णन करून हाणून पाडला. मी सिंहगडाचे नाव काढले. गडावरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांचे रसभरित वर्णनही केले. पण आईच्या गुडघ्यांनी नकाराधिकार वापरला. ताईला केळकर संग्रहालय हवे होते. तिच्या नातवाला अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या त्या अनमोल पसाऱ्यात मोकळे सोडण्याची कल्पना कोणालाच पेलली नाही.

एवढ्यात कोपऱ्यातून आई म्हणाली, "पर्वतीला जाऊ."

सगळे हसले. पुण्यात राहून पर्वतीला काय जायचे? आणि गुडघ्यांचे काय? पण आईने नव्याने केलेला हट्ट आणि जुनी सवय यांत फरक असतो, तो आम्ही भावंडे ओळखतो. बेत ठरला.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. सदाशिव पेठेतला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडला गेला. कोणाला कितवा मजला आणि किती चौरस फूट, यावरून दादाचे आणि माझे बिनसले. वाईट बोललो तो मी. मराठी शिकवण्यात निम्मे आयुष्य गेले की टोचणारे शब्द जिभेवर आयते मिळतात. माघारीचे मात्र वेळेवर सापडत नाहीत. तेव्हापासून दादाचा फोन आला की तो "आईला दे" म्हणे आणि मी मुकाट्याने फोन आईला देई. भाऊबिजेच्या पंगतीतही आम्ही एकमेकांना मीठ वाढले ते वहिनींच्या हातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी जमलो. आईने तिथेच फर्मान काढले, "सगळ्यांत सावकाश चालणारा पुढे. बाकीचे मागून." म्हणजे ती स्वतः पुढे आणि ताईचा नातू तिचे बोट धरून. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद, बसक्या, पायांना चढण जाणवते ती हळूहळू. नातू मोजत होता, "एक, दोन, पाच, बावीस." आमचा पुतण्या एका दमात वर जाऊन खाली येई, पुन्हा वर जाई. तिसऱ्यांदा माथा गाठून त्याने वरूनच ओरडून सांगितले, की आपल्या हिशेबी पायऱ्या तीनशे नऊ झाल्या, उतरतानाच्या वेगळ्या. आई दर वीस पायऱ्यांना बसे. ती बसली की आम्ही सारे बसत असू. एरवी घाईघाईने चढताना मी या पायऱ्यांवर कधी बसलोच नव्हतो. बसल्यावर कळले, की माणसे बोलतात ती चालताना नव्हे, दम खाताना.

वर पोहोचलो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारलेल्या देवदेवेश्वराचे दर्शन झाले. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी जून १७६१ मध्ये याच टेकडीवर देह ठेवला. मग मुलांना गोळा करून मी माझा तास सुरू केला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावाने इथल्या खिडकीतून पाहिली असे सांगतात, हे मी मोठ्या आवेशाने सांगितले. पुतण्याने विचारले, "मग काका, ते स्वतः लढायला का नाही गेले?" महाराष्ट्राच्या इतिहासातला हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत मी प्रथमच ऐकला. उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोच कन्या म्हणाली, "बाबा, मला भूक लागली." तास संपला.

चिवडा आणि चकल्या बाहेर आल्या. शहराच्या बाजूच्या कठड्याशी आम्ही बसलो. खाली पुणे पसरले होते. आई बराच वेळ एकीकडेच पाहत होती. मग मुलांना म्हणाली, "मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा तिथं सगळं पाणी होतं."

पानशेतच्या पुराविषयी आम्ही घरात एकच वाक्य ऐकले होते, "पुरात घर गेलं." त्यापुढे आई कधी बोलली नव्हती. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, एवढे पुस्तकात असते. आई सांगत होती ते पुस्तकातले नव्हते.

नारायण पेठेतले त्यांचे घर नदीजवळ होते. वडील कचेरीत. "पाणी आलं" अशी हाकाटी झाली तसे तिच्या आईने तिन्ही मुलांना थोरल्याच्या हवाली केले आणि स्वतः आजारी सासूबाईंना घेऊन शेजाऱ्यांबरोबर निघाली. थोरला मामा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आई बारा वर्षांची. आणि समोर चकली मोडत बसलेला हा धाकटा मामा चार वर्षांचा. तो थोरल्याच्या खांद्यावर.

"मी तांब्याची कळशी उचलली होती," आई म्हणाली. "आईची. दादा म्हणाला, टाक ती. मी म्हटलं, नाही टाकणार. त्यानं माझ्या हातातून हिसकून रस्त्यात फेकून दिली. इतका राग आला मला! पर्वतीपर्यंत बोलले नाही त्याच्याशी. एक शब्द नाही."

"मग?" पुतण्याने विचारले.

"मग काय? बोलले नाही, पण हात नाही सोडला."

धाकटा मामा म्हणाला, "मला एवढंच आठवतंय, मी दादाचे दोन्ही कान धरले होते. आणि तो ओरडत नव्हता."

थोरला मामा जाऊन सात वर्षे झाली. नेमक्या याच कठड्याशी त्या दिवशी ते तिघे बसले होते की पलीकडे, ते आईला सांगता येईना. तिची आई आणि आजी दुसऱ्या दिवशी भेटल्या. घर परत मिळाले नाही; कळशीही नाही.

आईने हे कोणाकडे पाहून सांगितले नाही. सांगून झाल्यावर तिने तिच्या पणतवंडाचे तोंड पुसले आणि चिवड्याचा डबा बंद केला. मी दादाकडे पाहिले नाही. तोही बहुधा शहराकडेच पाहत असावा.

उतरताना कन्येचे पाय थकले. मी तिला उचलणार, तोच दादाने तिला खांद्यावर घेतले. चार पायऱ्या गेल्यावर तिने त्याचे दोन्ही कान घट्ट धरले. धाकटा मामा मोठ्याने हसला. दादा ओरडला नाही.

तिथून सारसबागेत गेलो. इथे एके काळी तळे होते आणि तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, हे गणपतीचे देऊळ झाले. तळे गेले, पण जुनी माणसे अजूनही 'तळ्यातला गणपती'च म्हणतात. थंडी पडली की या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे ऐकून कन्येने विचारले, "पार्वती विणते का?" शेजारच्या पेशवे पार्कात आम्ही भावंडे लहानपणी वाघ पाहायला येत असू आणि फुलराणीच्या डब्यात खिडकीसाठी भांडत असू. पुढे प्राणी कात्रजला गेले. आता तिथे ऊर्जा उद्यान आहे. ताईने आठवण काढली, "तुम्ही दोघं खिडकीसाठी किती भांडायचात!" आम्ही दोघेही गप्प राहिलो.

बागेबाहेर भेळ घेतली. तेरा माणसांची भेळ म्हणजे तेरा तऱ्हा. कोणाला तिखट, कोणाला गोड, कोणाला शेव जास्त. दादा गाडीशी उभा राहून सांगत होता. मध्येच मागे वळून म्हणाला, "तुला अजून कांदा चालत नाही ना?"

दोन वर्षांत तो माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. मी म्हटले, "आता चालतो." खरे तर अजूनही चालत नाही. पण त्या दिवशी सगळी भेळ खाल्ली.

चौरस फुटांचा प्रश्न सुटला असे नाही. तो कागदावर आहे. सावकाश सुटेल किंवा तसाच राहील. पण परवा दादाचा फोन आला, तो "आईला दे" म्हणाला नाही. सिंहगडाचा बेत विचारत होता. माथ्याजवळपर्यंत गाडी जाते, म्हणजे आईलाही नेता येईल, असे त्याचे म्हणणे.

वाचकहो, लांबच्या सहली अवश्य करा. पण वर्षातून एकदा, जिथे आपण सगळेच 'पाहिलेले' आहोत अशा एखाद्या जवळच्या जागी घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. फराळाचा डबा न्या. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि तो बसला की तुम्हीही बसा. पायऱ्या तेवढ्याच राहतील. मोजणारे मात्र वाढतील. आमच्या घरच्या सर्वांत धाकट्याच्या मते पर्वतीला पायऱ्या आहेत बावीस, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार आहे.