नेम अंगणातला

शेगावात गोल्फचे मैदान नाही. यजमान हा खेळ शिकले ते नोकरीच्या काळात, पुण्यातील येरवड्याच्या मैदानावर. निवृत्तीनंतर आम्ही गावी परतलो. त्यांचे गुडघे दुखू लागले, मनात पडण्याची भीती बसली आणि ते खोलीबाहेर येईनासे झाले. गोल्फच्या काठ्या माळ्यावर टाकाव्यात, असे मुलांना वाटे.

मला मात्र या खेळातील एक फटका वृद्धांच्या जवळचा वाटला. हिरवळीवरील खळग्यालगत चेंडू नेऊन ठेवणारा तो ‘अ‍ॅप्रोच’. जवळून मारताना त्याला जोर नको, अंदाज हवा. खळगा अवघा १०८ मिलिमीटर रुंद. म्हणून चेंडू प्रथम कोठे टेकावा, ती जागा आधी निवडायची. आमच्या अंगणात ती जागा म्हणजे दहा पावलांवर अंथरलेले गोणपाट. काठी मागे गुडघ्याइतकी नेली तर चेंडू किती जातो, कमरेइतकी नेली तर किती, हे त्यांनी मोजून ठेवले आहे. अंतर साधायचे ते झोक्याच्या लांबीने, मनगटाच्या झटक्याने नव्हे.

डॉक्टरांना विचारूनच आम्ही आरंभ केला. ऊन चढण्यापूर्वी सच्छिद्र प्लास्टिकचे दहा चेंडू, मध्ये खुर्चीवर विश्रांती. त्यांना वाकावे लागू नये म्हणून चेंडू मी वेचते. गोणपाटावर किती पडले, ते वहीत तेच लिहितात. परवा सहा पडले, तेव्हा म्हणाले, “उद्या गोणपाट दोन पावले मागे घेऊ.”

वृद्धांची कामे आपण मायेने हलकी करावीत. नेम मात्र त्यांच्याच हाती राहू द्यावा.