अमेरिका, व्हाया केडगाव

आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. दादा न्यू जर्सीत, मावसबहीण एमएस करतेय. पण आपल्याकडून तिकडे अगदी सुरुवातीला कोण गेलं? मी सहज घरातला कुलवृत्तांत काढला. मुलगे, त्यांचे मुलगे, पुन्हा त्यांचे मुलगे! मुलगी सासरी गेली की तिची फांदी तिथेच खुंटलेली. आता गंमत बघा, अमेरिकेला सुरुवातीला गेलेल्या मराठी माणसांत दोन ठळक नावं बायकांचीच आहेत. एक डॉ. आनंदीबाई जोशी. दुसरी त्यांची लांबची नातलग, पंडिता रमाबाई. दुसरीचा माग थेट दौंड तालुक्यात लागतो.

म्हणून एका रविवारी पुण्याहून दौंडची गाडी पकडली. हडपसर, लोणी, यवत मागे पडतात, टॉवर्स संपतात, ऊस सुरू होतो. दौंडच्या अलीकडे केडगाव येतं. बहुतेक पब्लिक तोवर पेंगत असतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. आई-वडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही कॉलऱ्याने गेला. पदरात लहानगी मनोरमा. १८८३मध्ये त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर होणार, त्या समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तारीख होती ११ मार्च १८८६.

पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. त्यांचं एकुलतं बाळ दहा दिवसांचं होऊन आधीच गेलेलं. त्यांच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आहेत. ज्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणायच्या, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत!

रमाबाई दोन वर्षांहून जास्त अमेरिकेत राहिल्या. गावोगाव भाषणं दिली. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला. आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ११ मार्च १८८९ला, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी. बघा, धागे कुठे कुठे जातात!

सदन पुण्याला आलं आणि धर्मांतरावरून वाद पेटला. अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी केडगावला माळरान घेतलं, विहिरी खोदल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. १९०० सालापर्यंत इथे सुमारे १५०० जणी राहत होत्या. शेती, विणकाम, गुरं आणि छापखानासुद्धा, सगळं बायकांच्या हातात. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल इथेच छापलं गेलं.

आणि लेक? मनोरमाबाई अमेरिकेत शिकल्या, परत येऊन आईसोबत राबल्या. लग्न केलं नाही. १९२१मध्ये त्या गेल्या, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. वंशावळीच्या हिशेबाने फांदी संपली, पान कोरं.

पण केडगावला उभं राहिलं की हा हिशेब पटत नाही. कुणाचीच नसलेल्या शेकडो मुलींनी जिला आई मानलं, तिला वारस नाही असं कसं म्हणायचं? आणि परक्या कुटुंबाने जिला आपल्या माणसांत कायमची जागा दिली, ती निर्वंश कशी? आपल्या घरातही अशी एखादी आत्या, मावशी असेल, कागदावर न आलेली. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघेल तेव्हा तिचं नाव घालायला सांगा. मी तर सांगणारच आहे.

कसं जाल : पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन. रस्त्याने पुणे-सोलापूर हायवेवर चौफुल्याहून आत वळा. मुक्ती मिशन हे आजही बायका-मुलांचं घर आहे, पिकनिक स्पॉट नव्हे. आधी विचारून, परवानगी घेऊनच जा. परतताना यवतजवळचं भुलेश्वर मंदिर चुकवू नका.