संसाराचं सामान: स्वस्त, टिकाऊ आणि मर्यादेतलं



लग्नसराई आटोपली की आमच्या अंबडमध्ये नवे संसार मांडले जातात. औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेली मुलं भाड्याने घर घेतात आणि महिन्याभरात दारात टेम्पो उभा राहतो. सोफा, बेड, कपाट, भांड्यांचे खोके. दोन-तीन वर्षांनी घर बदलतं तेव्हा त्यातलंच निम्मं सामान जिन्याखाली पडलेलं दिसतं. फळी फुगलेली, दाराची बिजागरी निखळलेली, सोफ्याचा स्पंज बसलेला. ते टाकवत नाही आणि कोणी घेतही नाही.

सोसायटीतल्या सुना मला विचारतात, "काकू, चांगलं आणि स्वस्त कुठे मिळतं?" मी म्हणते, कुठे ते नंतर बघू, आधी वही-पेन घेऊन बस. बी.कॉम.ला असताना घसारा शिकले होते. वस्तूची किंमत भागिले ती किती वर्षं चालणार, म्हणजे वर्षाचा खर्च. पुढे नोकरी केली नाही, पण हे एक गणित संसारात रोज उपयोगी पडलं. भुशाच्या दाबलेल्या फळीचं, म्हणजे पार्टिकल बोर्डचं कपाट चौदा हजारांना मिळालं आणि पाच वर्षं टिकलं, तर वर्षाला दोन हजार आठशे पडले. लोखंडी कपाट साडेसोळा हजारांना घेतलं आणि पंचवीस वर्षं चाललं, तर वर्षाला सहाशे साठ. शिवाय शेवटी ते लोखंड म्हणून वजनावर विकलं जातं. फुगलेल्या फळीला भंगारवालासुद्धा हात लावत नाही.

लोखंडी कपाटाला आपल्याकडे सरसकट 'गोदरेजचं कपाट' म्हणतात, मग ते कोणीही बनवलेलं असो. त्याला कारणही आहे. १८९७ मध्ये कुलपांपासून सुरू झालेल्या या कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटं बनवायला घेतली आणि पिढ्यान् पिढ्या ती घराघरांत उभी आहेत. पण अंबडमध्ये राहणारीला आणखी एक वाट मोकळी आहे. इथे पत्र्याचं काम करणारे आणि पावडर कोटिंग करणारे छोटे कारखाने आहेत. अशा ठिकाणी मापाने कपाट करून मिळतं. मात्र चार गोष्टी विचारता आल्या पाहिजेत.

पहिली, पत्र्याचा गेज. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७ आणि २४ गेज जेमतेम अर्धा मिलिमीटर. दार उघडून मधोमध अंगठ्याने दाबा. डब्यासारखा 'टक' आवाज येऊन आत गेलं तर पत्रा पातळ आहे. दुसरी, रंग. पावडर कोटिंगमध्ये रंगाची पूड विजेच्या भाराने पत्र्यावर बसवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. पण त्याआधी पत्रा तेल आणि गंज काढून रसायनाच्या टाक्यांतून धुऊन घ्यावा लागतो. ही धुलाई चुकवली तर वरचा रंग सुंदर दिसतो आणि दोन पावसाळ्यांत खालून गंज फुगवून बाहेर येतो. म्हणून कपाटाची पाठ आणि तळ बघायचा. कामातली लबाडी असेल तर ती तिथेच दिसते. तिसरी, पाय. कपाट जमिनीपासून इतकं उंच हवं की खाली केरसुणी सहज फिरेल. चौथी, कुलूप आणि मूठ. दोन्ही बाजारात सुटी मिळणारी असावीत. माझ्या लग्नातलं कपाट चाळीस वर्षांनंतरही उभं आहे. तेवढ्या काळात एकदा मूठ बदलली, एवढंच.

लाकडाचं म्हणाल, तर सगळंच सागवानी करायची गरज नाही. ओटा, मोरी, खिडकीजवळची जागा, जिथे पाणी लागतं तिथे चांगलं लाकूड किंवा योग्य प्लाय हवा. प्लायवर छापलेली अक्षरं वाचायला शिका. 'एमआर' म्हणजे दमट हवा सोसणारा. पाणी त्याला चालत नाही, तो बैठकीच्या खोलीत वापरा. 'बीडब्ल्यूआर' स्वयंपाकघरासाठी. हे दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, तो सगळ्यात महाग आणि सिंकच्या खालच्या जागेपुरताच पुरे. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला तर त्याला हा आकडा दाखवायला सांगा.

जुन्या नाशकातले वाडे उतरवतात तेव्हा जुनं सागवान विक्रीला येतं. ते पुरतं वाळलेलं असतं, त्यामुळे नव्या ओल्या लाकडासारखं वाकत नाही. आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की त्यासाठी नवं झाड पडत नाही. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, हे आपण प्रतिक्रमणात म्हणतो. मग पलंग घेतानाही ते आठवायला हरकत नाही. त्याच पंधरांत लाखेचा व्यापारही आहे. सुताराचं जुनं फ्रेंच पॉलिश चपड्याचं असतं आणि चपडा म्हणजे लाख, किड्यांपासून मिळणारी. पूर्वी लाकूड जोडायला सरस वापरत, तो जनावरांच्या चामड्या-हाडांचा. १९५९ मध्ये फेविकॉल आलं, तेव्हापासून तो प्रश्न बराचसा मिटला. पॉलिशचं मात्र आजही सुताराला आधी सांगावं लागतं. "चपडा नको, दुसरं लावा," एवढं म्हटलं की झालं. सोफ्याला चामडं नको, हे तर सांगायलाच नको.

आता आपल्या घरचा खरा प्रश्न, जयणा. पलंगाला जितक्या फटी, तितकी ढेकणांना जागा. एकदा ते झाले की आपण दोन्हीकडून अडकतो. औषध मारलं तर हिंसा, गादी भर उन्हात टाकली तरी हिंसा, आणि तसंच ठेवलं तर घरात झोप नाही. म्हणून वस्तू घेतानाच ती वेळ येऊ नये असं बघायचं. पलंग साधा, कमी सांध्यांचा, हलवता येणारा असावा. जमिनीला टेकलेला, आत पेटी असलेला बेड दिसायला सोयीचा, पण त्याच्या खाली वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. जुनं लाकूड घेताना खाली पिठासारखा भुसा पडलेला आहे का, टाचणीएवढी भोकं आहेत का, ते बघा. असेल तर कितीही स्वस्त मिळो, हात जोडून परत फिरा. ते घरी आणलं की पुढे विष आणावं लागणार. पुसता येते, उघडता येते आणि दुरुस्त होते ती वस्तू टिकते, आणि तिच्यात जीवही होत नाहीत. माझ्या पाहण्यात हे दोन्ही कायम बरोबरच आले.

भांड्यांनाही हाच नियम. ज्या भांड्याचा काठ आत वळवून पोकळ ठेवलेला असतो, त्यात अन्नाचा कण आणि पाणी साचतं. उष्टं दोन घटकांपेक्षा जास्त राहू नये असं आपण मानतो, मग काठात अडकलेल्या उष्ट्याचं काय? काठ सपाट किंवा पूर्ण बंद केलेला घ्या. डब्याच्या कोपऱ्यात बोट पोचलं पाहिजे.

भांडीबाजारात अनेक जणी पर्समधून चुंबक काढतात आणि चिकटलं की भांडं बाजूला ठेवतात. या चुंबकावर फार विसंबू नका. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला सहसा चुंबक लागत नाही. पण २०२ जातीच्या स्टीलमध्ये निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त असतं, आणि त्यालाही चुंबक लागत नाही. म्हणजे ज्या दोघांत फरक करायचा तेच चुंबकाला कळत नाहीत. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलंच पाहिजे. त्यापेक्षा आयएसआयचं चिन्ह बघा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ते सक्तीचं करण्याचा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६. आणि बिलावर '३०४' असं लिहून मागा. लिहून द्यायला जो कचरतो, त्याचं उत्तर मिळालंच.

तांब्या-पितळेचा हिशोब वेगळा. पितळेचं पातेलं आज महाग वाटतं, पण मोड म्हणून दिलं तर वजनावर पैसे परत येतात. आपल्यातले कासार बांधव पिढ्यान् पिढ्या हाच व्यवहार करत आले. फक्त कल्हईचा खर्च धरायचा आणि आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवायचा नाही.

बिलावरून एक गोष्ट. "ताई, बिल नको असेल तर एवढे कमी करतो," हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, लाकडी आणि लोखंडी फर्निचरवर मात्र अठरा आहे, त्यामुळे मोह होतो. पण बिलाशिवाय वॉरंटी मागणं आणि ग्राहक आयोगात तक्रार सिद्ध करणं अवघड जातं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी आधी बिलच विचारतात. आणि आपल्या अचौर्य व्रताचे पाच अतिचार आठवून बघा. चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडणं, मापात कमी-जास्त करणं, अस्सल म्हणून नकली देणं, सगळं तिथे सांगितलेलं आहे. जुन्या बाजारात फारच स्वस्त मिळणारी वस्तू कुठून आली, हे विचारणं म्हणूनच आपलं काम आहे.

माझ्या भाचीचं घर गेल्या वर्षी इथेच लागलं. जावईबापू एका कारखान्यात कंत्राटावर. एका दुकानात तिने सोफा, बेड, कपाट आणि टेबल मिळून शहाण्णव हजारांचा संच पसंत केला. महिन्याला आठ हजार, बारा हप्ते, 'व्याज शून्य'. म्हणाली, "मावशी, व्याजच नाही, मग काय हरकत?" मी तिला म्हटलं, रोख देते म्हणून विचार. रोखीचा भाव निघाला अठ्ठ्याऐंशी हजार. म्हणजे आठ हजार जास्त. हे नऊ टक्के वाटतात, पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडे राहते. त्या हिशोबाने दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

ती जरा हिरमुसली. नव्या घरात पाहुणे कुठे बसणार, ही तिची काळजी खोटी नव्हती. दोघी मिळून बसलो आणि यादी केली. आधी काय लागतं, सहा महिन्यांनी काय, आणि काय लागतच नाही. लोखंडी कपाट करून घेतलं, साधा पलंग, कापसाची गादी, चार स्टीलच्या खुर्च्या आणि भांडी. एकोणचाळीस हजारांत घर लागलं, सगळं रोखीने. बैठकीत सतरंजी आणि तक्के. आठव्या महिन्यात जावईबापूंचं कंत्राट वाढवलं नाही. तीन महिने पगार नव्हता. त्या तीन महिन्यांत भाडं आणि किराणा निभावला, कारण आठ हजारांचा हप्ता डोक्यावर नव्हता. आता त्यांना दुसरीकडे काम लागलंय. सोफा अजून घेतलेला नाही. परवा म्हणाली, "मावशी, सतरंजी उचलून झाडता येते, तेच बरं वाटतं गं."

श्रावकाचं पाचवं व्रत परिग्रह-परिमाणाचं. त्यात शेत, घर, सोनं, धान्य यांच्याबरोबर 'कुप्य' हा शब्द येतो. कुप्य म्हणजे घरातलं सामान, भांडीकुंडी. आपल्या आचार्यांना कपाट-पातेल्यांचीसुद्धा मर्यादा सांगावीशी वाटली, कारण पसारा इथूनच वाढतो. मी चातुर्मासात नियम घेतला, तेव्हा वहीत खोलीवार यादी लिहिली: पलंग किती, खुर्च्या किती, पातेली किती. नवीन वस्तू आली की एक बाहेर जायची, गरजू घरी किंवा मोडीत. हा नियम घेतल्यावर हलकी वस्तू घ्यायची इच्छाच राहत नाही, कारण जागा एकच आहे, मग त्या जागी चांगलीच वस्तू यावी असं वाटतं.

दिवाळीच्या खरेदीआधी तुम्हीही घरातल्या सामानाची अशी यादी करून बघा. अर्धा तास लागतो. नव्या सुनेला किंवा लेकीला शेजारी बसवून केलीत तर आणखी बरं. तिचा संसार पुढे तीस-चाळीस वर्षं चालायचा आहे.

जय जिनेंद्र.