अब्बांचे हात आणि बत्तीस बोअर

आमच्या घरात बंदूक आहे, हे चारचौघांत सांगायला आम्ही भावंडं आजही कचरतो. शेजारच्या वस्तीवरचे पाटील हीच गोष्ट मिशीला पीळ भरत सांगतात. आम्ही ती हळू आवाजात सांगतो आणि लगेच पुढे जोडतो, ‘परवान्याची आहे.’ मुसलमानाच्या घरातल्या बंदुकीला हे दुसरं वाक्य जोडावंच लागतं.

करमाळ्याच्या बाजूला आमचा मळा आहे. दादांनी पिकाच्या राखणीसाठी दोन नळ्यांची बारा बोअर घेतली. ते गेल्यावर १९८१ साली परवाना अब्बांच्या नावावर झाला. इतक्या वर्षांत रानडुकरं हुसकावायला काही बार काढले असतील तेवढेच. पण नूतनीकरणाची तारीख अब्बांनी एकदाही चुकवली नाही. डिसेंबर १९९२ मध्ये कुणी सांगायच्या आत त्यांनी बंदूक चादरीत गुंडाळली, ठाण्यात नेऊन जमा केली आणि पावती घेतली. ती पावती परवान्याच्या वहीत अजून आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करण्याची नोटीस अनेकांना येते. अब्बा नोटिशीची वाट बघत नसत.

आता अब्बांना चौऱ्याहत्तर वर्षं झाली आणि हातांनी संप पुकारला. डॉक्टरांनी समजावलं, हा झिजेचा संधिवात आहे. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजतो, बोटांच्या टोकाला गाठी येतात. चिमटीत धरणं, पिळणं, दाबणं जड जातं. आमच्या थोरल्या बहिणीनं, आपानं, घर त्या हातांच्या मापानं बदलून टाकलं. वजूच्या नळाला लांब दांड्याची तोटी आली, कोपरानं उघडता येईल अशी. तसबीह मोठ्या मण्यांची आली. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळलं, कारण जाड मुठीला बोटांचा जोर कमी लागतो. बारा बोअर मात्र तशीच राहिली. तीन किलोंच्या आसपास वजन, खांद्याला बसणारा दणका आणि नळ्या उघडायला अंगठ्यानं ढकलायची कळ.

तालुक्यात दोन वस्त्यांवर दरोडे पडले आणि अब्बांनी विषय काढला, “ये उठती नइ अब. छोटी कोई चीज देखो.” अम्मी गप्प राहिल्या. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की बंदूक नकोच. आपाचं म्हणणं, आधी बघू तरी.

कागदांपासून सुरुवात झाली. बंदुकीच्या जागी रिव्हॉल्व्हर नोंदवायचं तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्याकडे सामान्य माणसाला ९ मिलिमीटर किंवा .३८ मिळत नाही, ती प्रतिबंधित बोअर आहेत. राहतं ते मुख्यतः .३२. दुखऱ्या हाताला एका परीनं हे बरंच आहे. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस मवाळ असतं, त्याचा धक्का मनगटाला सोसतो. आमचीही समजूत तीच होती की प्रश्न धक्क्याचा आहे, तो सुटला की झालं.

परवाना घेऊन आम्ही अब्बांबरोबर एका विक्रेत्याकडे गेलो. त्यानं पहिल्यांदा ‘निर्भीक’ समोर ठेवलं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये ते बाजारात आणलं, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅम वजनाचं, सहा गोळ्यांचं. तेव्हा किंमत होती सव्वा लाखाच्या जवळपास. अब्बांनी ते तळहातावर तोललं आणि खूश झाले. मग घोडा ओढायला गेले, तर नळी थरथरत डावीकडे गेली.

विक्रेता जुना माणूस, त्यानं कारण नीट सांगितलं. रिव्हॉल्व्हरचा घोडा एका ओढीत दोन कामं करतो. मागचा हातोडा उचलतो आणि गोळ्यांचं चक्र एक घर फिरवतो. म्हणून ती ओढ जड आणि लांब असते. शस्त्र हलकं असलं की बोटाचा जोर शस्त्राच्या वजनावर मात करतो, नेम हलतो. शिवाय गोळी तीच असेल तर हलकं शस्त्र जास्त उसळी मारतं, आणि मूठ बारीक असेल तर तो मार तळव्याच्या एका जागी बसतो. आपानं आमच्याकडे पाहिलं. चमच्याच्या दांड्याला कापड कशासाठी गुंडाळलं होतं, ते तिला आठवलं असणार.

दुसरं होतं पोलादी रिव्हॉल्व्हर, सुमारे सातशे ग्रॅमचं, मुठीला भरीव. त्यात नळी स्थिर राहिली. पण घोडा शेवटपर्यंत येईना. हातोडा आधी अंगठ्यानं मागे ओढून ठेवला तर घोडा हलका होतो, हे खरं. पण ते काम नेमकं अंगठ्याच्या झिजलेल्या मुळावर येतं. आणि गोळी झाडायची वेळ टळली तर तोच हातोडा भरल्या काडतुसावर अंगठ्याच्या आधारानं हळूहळू खाली आणावा लागतो. अंगठा निसटला तर गोळी सुटू शकते. ही गोष्ट ऐकून अम्मी पहिल्यांदा बोलल्या, “मतलब मारने से भी मुश्किल न मारना है.”

तिसरं .३२ पिस्तूल. त्याचा घोडा हलका. पण पहिली गोळी नळीत चढवायला वरचा स्लाइड मागे ओढावा लागतो. या जातीच्या पिस्तुलात स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांनीच गोळीच्या वायूचा जोर थोपवलेला असतो, म्हणून स्प्रिंग ताठ असते. विक्रेत्यानं युक्ती दाखवली, पिस्तूल छातीजवळ धरायचं, स्लाइड तळव्यात घट्ट पकडायचा आणि मूठ पुढे ढकलायची, म्हणजे बोटांऐवजी खांद्याचा जोर लागतो. अब्बांना तीनदा जमलं, चौथ्यांदा नाही. मॅगझिनमध्ये काडतुसं दाबायलाही अंगठाच लागतो. आणि मनगट ढिलं राहिलं तर पिस्तूल मध्येच अडकतं. ते सोडवायला पुन्हा स्लाइड ओढणं आलं. अमेरिकेत अशा हातांसाठी २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसननं मुद्दाम हलक्या स्लाइडचं पिस्तूल काढलं. तिथं बाजार म्हाताऱ्या हातांचाही विचार करतो. इथल्या काउंटरवर ती सोय नव्हती.

त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं की धक्का हा सगळ्यात छोटा प्रश्न आहे. तो क्षणभराचा. हाताला खरं काम आहे ते त्याच्या आधी आणि नंतर: उघडणं, भरणं, ओढणं, थांबणं, रिकामं करणं आणि कुलपात ठेवणं. ‘लहान म्हणजे सोपं’ ही समजूत दुकानाच्या काउंटरवरच गळून पडली.

अब्बांनी ठरवायला वेळ मागितला. विक्रेत्यानं घोड्याच्या ओढीचा जो अंदाज दिला होता, त्या हिशेबानं त्यांनी घरी एक तराजूचा काटा दाराच्या कडीला अडकवला आणि फजरच्या नमाजनंतर, बोटं सगळ्यात आखडलेली असतात त्या वेळी, तर्जनीनं तो ओढून पाहू लागले. आठ दिवस. आम्ही म्हणालो, दुपारी औषध घेतल्यावर हात बरा चालतो, तेव्हा बघा. ते हसले. “गोली खाए बगैर हात नइ चलता. और चोर मेरी गोली का टाइम देख के थोडीच आता?”

नवव्या दिवशी त्यांनी काटा काढून ठेवला. म्हणाले, “जो हात खाली नइ कर सकता, उसने भरना नइ.”

हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते आम्हीच जाणतो. गावात आमच्या घराला ‘बंदुकीवाले’ म्हणतात. ठाण्याच्या उंबऱ्यावर सगळ्यांच्या आधी हजर राहून ज्यानं ती इज्जत सांभाळली, त्यालाच आता हात टेकावे लागले होते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. अब्बा दोन्ही अटींत बसत होते. मळ्यात राहते ती आपा. ऊस, ठिबक, मजुरांचे पगार, ट्रॅक्टर सगळं तीच बघते. तरी तिचं नाव निघालं तेव्हा जमातीतले दोघे समजवायला आले: मुलगे असताना लेकीच्या नावावर हत्यार? अब्बांनी विचारलं, “रात को मळे में कौन रहता?” ते चहा पिऊन गेले.

आपानं रीतसर प्रशिक्षण घेतलं, पोलिसांची चौकशी झाली, परवाना मिळाला. विक्रेत्यानं तिच्यापुढेही आधी ‘निर्भीक’च ठेवलं, बाईमाणूस म्हणून. तिनं जड पोलादी रिव्हॉल्व्हर उचललं. बारा बोअर विकली. धाकट्या भावाचा विरोध मावळलेला नाही, आणि तो मावळावा असं आम्हाला वाटतही नाही. त्याच्यामुळेच अंगणात दिवे लागले, दाराला आतून लोखंडी आडणा आला, आणि पाटलांच्या वस्तीशी ठरलं की रात्री कुणाचाही फोन वाजला तर दोन्हीकडचे दिवे लागतील. आजवर कामाला आले ते दिवेच.

आपल्या समाजात जुने परवाने थोड्याच घरांत आहेत, आणि त्यातले बरेच म्हाताऱ्या हातांत. आम्ही भीतीचा विचार करतो, कायद्याचा करतो, लोक काय म्हणतील याचा तर फारच करतो. हातांकडे कुणी बघत नाही. डॉक्टरांनी आपाला सांगून ठेवलंय की बोटांच्या या गाठी घराण्यात उतरतात, बायकांत अधिक. तिच्या परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या तारखेआधी एक महिना काटा पुन्हा कडीला अडकवायचा, असं तिनं परवान्याच्या वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, १९९२ च्या त्या पावतीच्या मागं.